थर उतरेपर्यंत

इंजेक्शन भरून तयार होतं. सिरिंज डॉ. तन्मयच्या हातात, सलाइनची सुई पेशंटच्या हातात, आणि माझा हात पेशंटच्या केसांत.

"मॅडम, देऊ ना?" तन्मयने विचारलं.

"थांब."

"मॅडम, टाइम जातोय."

"जाऊ दे जरा."

हार्ट अटॅकच्या पेशंटशेजारी उभं राहून 'जाऊ दे जरा' असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असेन. तन्मयने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता आधी या बाईंचाच कार्डिओग्राम काढावा. त्याचा दोष नाही. त्याच्या वयाची असते तर मी म्हातारीला बाजूला सारून इंजेक्शन देऊन टाकलं असतं.

मी फिजिशियन आहे. निवृत्त आहे, म्हणजे मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली आहे. राहते डोंबिवलीला, पण आठवड्यातून काही दिवस ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये जाते. हॉस्पिटल माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं आहे. तो मला मानधन देतो आणि मी त्याच्या स्टाफचं डोकं खाते, असा आमचा व्यवहार. त्या दिवशी दहीहंडी होती. मुख्य फिजिशियन सुट्टीवर, म्हणून मला बोलावलेलं. मुलाने रस्ते बंद व्हायच्या आत मला दारात सोडलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आई, थरावर चढू नकोस."

हंडीच्या दिवशी आमच्याकडे मोडलेली मनगटं, सुजलेले घोटे आणि फुटलेल्या भुवया येतात. त्यामुळे दुपारी एक सभ्य गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात, बायकोसोबत, स्वतःच्या पायांनी चालत आले तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. संजय पाटकर, वय सेहेचाळीस, विमा कंपनीत नोकरी, घर मागच्याच गल्लीत. छातीवर हात ठेवून म्हणाले, "ॲसिडिटी आहे हो. सकाळी दोन वडे जास्त झाले."

"चार," बायको म्हणाली. तिचं नाव नीलम.

कपाळावर घाम होता. ॲसिडिटीला असा घाम येत नाही. सिस्टर कुंदाने त्यांना झोपवून कार्डिओग्राम काढला, तन्मयने तो माझ्यापुढे धरला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अटॅक होता. पण कोणता, हे सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लोकांना वाटतं, हार्ट अटॅक म्हणजे अटॅक, त्यात काय प्रकार. तर ढोबळमानाने दोन असतात. दोन्हींत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी होते. एकात नळी पूर्ण बंद होते. तेव्हा कार्डिओग्राममधली एक रेघ डोंगरासारखी वर चढते. दुसऱ्यात नळी बहुतेक बंद असते, पण फटीतून थोडं रक्त जात असतं. तेव्हा रेघ चढत नाही, उलट बरेचदा खाली दबते. पाटकरांची रेघ दबलेली होती. आम्ही ॲस्पिरिन चघळायला दिली, रक्ताच्या तपासण्या पाठवल्या आणि मॉनिटर लावला.

नीलमने तेवढ्यात मला कोपऱ्यात गाठलं.

"मॅडम, ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ना, ते द्या. शहाडला माझ्या भावाला दिलेलं. दुसऱ्या दिवशी उठून चहा मागत होता."

"त्याचा अटॅक वेगळा होता. यांना ते चालणार नाही."

"तुझ्या भावाला चालतं आणि मला चालत नाही?" कॉटवरून पाटकर म्हणाले. छातीत कळ असतानाही मेव्हण्याशी बरोबरी सोडवत नव्हती.

आता हे समजावताना मला नेहमी एक तरुण बाई आठवते. डॉक्टर होती. कोट इतका कडक स्टार्च केलेला, की ती बसली तरी कोट उभाच राहायचा. स्टेथोस्कोप गळ्यात घालून भाजी आणायला जायची. तेव्हा गुठळी विरघळवणारं औषध नुकतंच आमच्या हातात आलं होतं आणि ती बाई त्याच्या प्रेमातच पडली होती. कोणी छातीवर हात ठेवला, की हिने बाटली उघडलीच. खडवलीला एकदा आरोग्य शिबिर होतं. तिथे हिने फळ्यावर नळ्या काढून, कुठे तुंबतं, औषध कसं ते मोकळं करतं, असं अर्धा तास समजावलं. शेवटी एक आजोबा उठले आणि म्हणाले, "आमच्या आळीला पानी कदी येनार, त्ये पन सांगा." सगळ्या सभेला ती पाणीपुरवठ्याची बाई वाटली होती.

ती बाई म्हणजे मीच. आता समोर आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

आमच्या सरांनी मला तेव्हाच एका राउंडला सगळ्यांसमोर थांबवलं होतं. एका पेशंटला मी ते औषध द्यायला निघाले होते, आणि त्याची रेघ चढलेली नव्हती. सर म्हणाले, "बाई, हा तीर्थप्रसाद आहे का, आला त्याच्या हातावर ठेवायला?" मग मला त्यांनी दोन गुठळ्यांमधला फरक सांगितला. मी तो स्वयंपाकघराच्या भाषेत बदलून घेतला आहे. नळ्यांची उदाहरणं मी खडवलीलाच सोडून आले.

तर नीलमला मी म्हटलं, "हे बघ. नळी पूर्ण बंद करणारी जी गुठळी असते ना, तिच्यात बारीक धाग्यांचं जाळं असतं. कोळ्याच्या जाळ्यासारखं. त्यात रक्ताच्या लाल पेशी अडकून बसतात. इंजेक्शन म्हणजे कात्री. ती धागे कापते, जाळं सुटतं, रस्ता मोकळा."

"मग कापा ना."

"यांच्या नळीत आत्ता धागे कमी असावेत. तिथे रक्तातल्या चिकट कणांचा गोळा असतो. साबुदाणा जास्त भिजला की कसा एकमेकांना चिकटून बसतो? तसा. आता साबुदाण्याच्या गोळ्यावर कात्री चालवून काय होणार? उलट त्या खटाटोपात ते कण आणखी चिकट होतात. फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका फुकट."

नीलमने मान हलवली. पटलं, पण तोंड कडूच राहिलं. "काल जन्माष्टमीच्या उपासाची खिचडी अशीच झालेली," ती नवऱ्याला म्हणाली. "तेव्हा हसलात ना मला."

इथे आणखी एक गोष्ट सांगते. ती मला सगळ्यात आवडते, आणि पुढे लागणार आहे. ही कात्री काही औषधवाल्यांनी शोधलेली नाही. त्यांनी नक्कल केली. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात अशा कात्र्या रोज तयार होतात. कुठे नको ती गुठळी होऊ लागली, की ती कातरून टाकतात. आणि कात्र्या मोकाट सुटू नयेत म्हणून शरीर त्यांना म्यानही घालतं. तो वेगळा पदार्थ. पोट सुटलेल्यांत, मधुमेह्यांत ही म्यानं जास्त असतात. पहाटे-सकाळी सगळ्यांच्याच अंगात जास्त असतात. सकाळच्या वेळी अटॅक जास्त येतात, त्याच्या कारणांमध्ये हेही एक धरतात. म्हणजे तुमच्या-माझ्या अंगात आत्ता, हे वाचताना, कातरणारे आणि अडवणारे यांची झटापट चाललेली आहे, आणि आपल्याला पत्ता नाही. मला याबद्दल फार कृतज्ञ वाटतं. संसारातही कोणीतरी असंच न सांगता काम करत असतं. आमच्या घरी ते माझे यजमान होते. मला वाटायचं, घर मीच चालवते.

असो. पाटकरांना दुसऱ्या प्रकारच्या अटॅकसाठी रक्त पातळ करणारं एक वेगळं इंजेक्शन द्यायचं ठरलं. सिस्टर कुंदा ते आणायला वळल्या, तेवढ्यात पाटकर "आई गं" म्हणाले आणि पांढरे पडले. तन्मयने ताबडतोब दुसरा कार्डिओग्राम काढला.

रेघ चढली होती.

असं होतं कधीकधी. साबुदाण्याच्या गोळ्यावर धाग्यांचं जाळं चढतं आणि राहिलेली फट बंद होते. आता नळी पूर्ण बंद. हृदयाचा तेवढा भाग आता दर मिनिटाला मरत जाणार. सगळ्यात चांगला उपाय अँजिओप्लास्टी, म्हणजे नळीत तार घालून ती उघडायची. ती सोय आमच्याकडे नाही, माजिवड्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहे. एरवी ॲम्ब्युलन्स सहज पोचते. पण त्या दिवशी बाहेर माणसांचा पूर होता. मी तिथल्या कार्डिओलॉजिस्टला, डॉ. रेश्माला, फोन लावला.

"मॅडम, आमच्या बाजूने पण रस्ते पॅक आहेत," ती म्हणाली. "किती वेळात पोचाल, सांगता येतं का?"

"नाही."

"मग तिथेच लायसिस करा, आणि मग निघा."

लायसिस म्हणजे तीच कात्री. आता ती योग्य होती, पुस्तकाप्रमाणे होती, आणि रेघ चढलेली असताना उशीर करणं चूक होतं. तन्मय कामाला लागला. मुलगा हुशार आहे, हात चपळ. पण हे इंजेक्शन देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेच लागतात. कारण कात्रीला डोळे नसतात. हृदयातली वाईट गुठळी कोणती आणि एखाद्या जखमेवर शरीराने लावलेलं चांगलं बूच कोणतं, हे तिला कळत नाही. दिसेल तिथे कापते. पोटात व्रण असेल तर तिथून रक्त, आणि डोक्यात कुठे जखम असेल तर कवटीच्या आत. तिथे रक्ताला बाहेर यायला जागा नसते.

"कधी पॅरालिसिस?" तन्मय विचारत होता.

"नाही."

"ऑपरेशन? संडासवाटे रक्त?"

"नाही."

"रिसेंटली डोक्याला मार, कुठे पडलात वगैरे?"

"नाही, नाही. कुठे पडलेलो नाही."

नीलम शेजारी उभी होती. तिचा हात नवऱ्याच्या पावलावर होता. पाटकरांनी उत्तर तन्मयकडे बघून दिलं, पण देण्याआधी एक नजर बायकोकडे टाकली. अगदी ओझरती. मी इतकी वर्षं नवरे पाहते आहे. ती नजर मला माहीत आहे. 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला ती हमखास येते.

तन्मयने इंजेक्शन भरलं. मी पाटकरांचा चष्मा काढून ठेवायला हात पुढे केला. चष्मा कोरा होता, काडीवरचा दुकानाचा स्टिकरही काढलेला नव्हता.

"नवा केला?" मी नीलमला विचारलं.

"हो ना. आठवडाभर डोकं दुखत होतं यांचं. गोळ्या घेऊन कंटाळले. मग म्हटलं, नंबर वाढला असेल. चष्मेवालाही म्हणाला, थोडा वाढलाय."

"या चष्म्याने थांबलं?"

"कुठे. आज सकाळीही दुखत होतंच."

तेव्हा माझा हात पाटकरांच्या केसांत गेला. कानामागे, जरा वर, सुपारीएवढा टणक उंचवटा. दाबल्यावर त्यांनी दात आवळले. छातीत एवढी कळ असतानाही डोक्याचं दुखणं वेगळं कळलं, म्हणजे साधं नव्हतं.

मग ते सुरुवातीचं संभाषण झालं. देऊ ना, थांब, जाऊ दे जरा.

"नीलम," मी म्हटलं, "बाहेर काउंटरवर जाऊन यांच्या फॉर्मवर सही करायची आहे, तेवढी करून ये."

"आत्ता?"

"आत्ता."

ती गेली. सिस्टर कुंदाने पडदा ओढला. मी पाटकरांच्या कानाशी वाकले. गुडघे कुरकुरले, पण वाकले.

"संजयराव, बायको बाहेर आहे. आता खरं सांगा. नाहीतर हे इंजेक्शन डोक्यात रक्तस्राव करून तुम्हाला मारेल, आणि मग ती मला विचारेल. कुठे पडलात?"

"मॅडम, आईशप्पथ, मी पडलेलो नाही," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्यावर पडले."

"कोण?"

"पोरं. चौथ्या थरावरची. प्रॅक्टिसला."

पाटकर गोविंदा पथकात होते. विमा कंपनीतले, इस्त्रीच्या शर्टवाले पाटकर. सगळ्यात खालच्या थरात, जिथे जाडजूड, वयस्क, भक्कम माणसं गोल करून उभी राहतात आणि बाकीचे त्यांच्या खांद्यांवर चढतात. दहा वर्षांपूर्वी नीलमने शपथ घालून त्यांना सोडायला लावलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गुपचूप परत गेले. घरी सांगायचे, तलावपाळीला फेऱ्या मारायला जातो. आठवड्यापूर्वी सरावात थर कोसळला. वरच्या एका पोराचा गुडघा थेट डोक्यात बसला. क्षणभर शुद्ध गेली, मग उलटी झाली. कोणीतरी लिंबू-पाणी दिलं. घरी जाऊन बायकोला म्हणाले, आज फेऱ्या जास्त झाल्या.

"तिला सांगू नका," ते म्हणाले.

तन्मयने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.   

आता उरला एकच मार्ग, त्या माणसांच्या पुरातून माजिवडा. ते इंजेक्शनही नाही, रक्त पातळ करणारंही नाही. नुसतं जायचं. मी डॉ. रेश्माला परत फोन करून डोक्याचं सांगितलं.

"आधी सीटी स्कॅन, मग माझ्याकडे," ती म्हणाली. "निघा तुम्ही. मी ट्रॉली घेऊनच उभी असेन."

ॲम्ब्युलन्समध्ये पाटकर, तन्मय, मी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नीलम. मी जायची गरज नव्हती, असं माझा मुलगा अजून म्हणतो. मागच्या गल्लीतून कोर्ट नाक्याकडे निघालो. सायरन चालू होता, पण डीजेपुढे सायरन म्हणजे लग्नात बासरी. लोक बाजूला होत होते, हात दाखवत होते, गाडी गोगलगायीसारखी चालली होती. आणि एका वळणावर थांबली.

"काय झालं?" मी ओरडले.

"हंडी लागलीये, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "सहा थर उभे आहेत. मधोमध."

छोट्या मंडळाची हंडी होती. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही, मागे माणसं मिटलेली. समोर थर लागले होते, सगळ्यात वर एक किरकोळ पोरगा हेल्मेट घालून हंडीखाली उभा राहत होता. माइकवाल्याने आम्हाला पाहिलं. त्याने डीजे बंद करायला लावला. एकदम सगळं शांत झालं.

"गोविंदा, हंडी सोडा," तो माइकवर म्हणाला. आवाजात आता जाहिरातबाजी नव्हती. "ॲम्ब्युलन्स आहे. थर उतरवा. पण सावकाश. कोणी उडी मारायची नाही. सावकाश."

गाडीच्या पुढच्या काचेतून ते दिसत होतं. स्ट्रेचरवरून पाटकरही मान उचलून पाहत होते. मी त्यांना झोपा म्हणाले, ते ऐकेनात.

"लवकर उतरायला सांगा ना त्यांना," नीलम म्हणाली.

"नाही नाही," पाटकर म्हणाले. "घाई केली तर कोसळतील. वरून एकेक उतरायला पाहिजे. खालच्याने हलायचं नाही. शेवटचा माणूस पायउतार होईपर्यंत खालच्याने हलायचं नाही."

नीलमने वळून नवऱ्याकडे पाहिलं. 

वरचा पोरगा बसला, खालच्याच्या खांद्यांवरून घसरला. मग पाचवा थर. मग चौथा. माझं सगळं आयुष्य घाईत गेलं. त्या तरुण बाईला तर लिफ्टची वाट बघवत नसे, ती पाच मजले धावत चढायची आणि वर पोचून धापा टाकत पेशंटला सांगायची, धावपळ करू नका. त्या दिवशी मी आणि तन्मय ॲम्ब्युलन्समध्ये बसून माणसं एकेक करून खाली उतरताना पाहत होतो आणि काहीच करू शकत नव्हतो. तिसरा थर उतरत असताना तन्मय म्हणाला, "मॅडम. मॉनिटर."

रेघ खाली येत होती.

मी चष्मा पुसून पाहिलं. डोंगराची टेकडी झाली होती. मग टेकडीही बसली. मधे दोन-चार वेडेवाकडे ठोके आले, नळी उघडताना येतात तसे. "संजयराव, छातीत कसं वाटतंय?"

त्यांनी छातीवर हात फिरवून पाहिला. "कमी झालंय हो," ते चकित होऊन म्हणाले. "खरंच कमी झालंय."

आम्ही काहीच दिलेलं नव्हतं. एका ॲस्पिरिनपलीकडे काहीही नाही. त्यांच्याच रक्तवाहिनीच्या अस्तराने स्वतःच्या कात्र्या सोडल्या होत्या आणि फक्त तिथलं जाळं कातरलं होतं. डोक्यातलं बूच तसंच ठेवलं होतं. सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. काहींच्या असतं.

शेवटचा थर सुटला. खालच्या थरातली घामाघूम, रुंद माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि त्यांनीच हातांची साखळी करून गर्दी मागे रेटली. एकाने जाता जाता गाडीच्या बॉनेटवर हात टेकवून नमस्कार केला. आम्ही निघालो.

सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत, उंचवट्याच्या खालीच, रक्ताचा एक पातळ थर निघाला. आठवड्यापूर्वीचा, थांबलेला. न्यूरोसर्जनने पडद्यावर तो पाहिला आणि म्हणाला, "यांना कोणी लायसिस दिलं नाही ना?"

"नाही," तन्मय म्हणाला. 

डॉ. रेश्माने अँजिओग्राफी केली. नळी उघडी होती. एका ठिकाणी अरुंद, कडेला थोडी गुठळी चिकटलेली, पण रक्त छान वाहत होतं. स्टेंट टाकायचा तर रक्त पातळ करणारी जोरदार औषधं लागतात, आणि ती डोक्याला परवडणारी नव्हती. नळी बंद असती तर रेश्मा आणि न्यूरोसर्जन काय करणार होते, मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. नळी वाहती होती म्हणून थांबता आलं. एक ॲस्पिरिन चालू ठेवायची की नाही, यावरही दोघांनी पेशंटच्या उशाशी उभं राहून वाद घातला. मी मधे पडले नाही. तरुण माणसं विचार करून भांडत असली की मला फार बरं वाटतं. काही आठवड्यांनी डोक्यातलं रक्त विरलं, मग स्टेंट टाकला. हृदयाला इजा झाली होती, पण थोडी.

त्या संध्याकाळी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी आणि नीलम बसलो होतो. आता तिला सांगणं भाग होतं. मी शब्द जुळवत होते. तिला सांगू नका, असं पाटकर म्हणाले होते, आणि मी दिलेला नसला तरी तो एक प्रकारचा शब्दच होता.

"नीलम, डोक्याला जो मार लागलाय ना..."

"हंडीच्या सरावात," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"तलावपाळीला फेऱ्या मारून कोणाच्या खांद्यावर टाचा उमटतात का हो, मॅडम? दोन्ही खांद्यांवर, निळ्याजांभळ्या. तीन वर्षं बघतेय. रात्री झोपले की हळूच तेल लावते. मला वाटतं, यांना कळतही असेल. पण यांना वाटतं मला माहीत नाही, आणि मी म्हटलं, वाटू दे."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दिवसभर टेबलाशी बसून दुसऱ्यांचे क्लेम बघतात. घरी आले की गप्प. पण सरावाचे दिवस आले की आंघोळ करताना गुणगुणतात. तेवढं एकच राहिलंय त्यांना चोरून करायला. तेही पकडलं तर मग काय उरलं?" मग म्हणाली, "पडल्याचं मात्र माहीत नव्हतं. मघाशी डॉक्टर विचारत होते तेव्हा माझ्या ओठावर आलेलं, की हे थरात जातात. पण म्हटलं, एवढ्या माणसांत कशाला उघडं पाडू."

दोघंही एकमेकांची अब्रू राखत होती, एक कॉटवर, एक कॉटशेजारी, आणि मधे सिरिंज.

मी तिचा हात धरून बसले. माझे यजमान गेल्यावर त्यांच्या कपाटात मला सिनेमाच्या तिकिटांचे अर्धे फाडलेले तुकडे सापडले होते. दुपारचे खेळ, ऑफिसच्या वेळेतले. एकटेच जायचे. मी खूप हसले होते आणि मग नाही हसले. हे मी नीलमला सांगितलं. मला ते तिच्याचसाठी जपून ठेवल्यासारखं वाटलं.

आता आमच्या हॉस्पिटलात एक नियम आहे. ते इंजेक्शन द्यायचं असलं की सगळे प्रश्न दोनदा विचारायचे. एकदा नातेवाईक असताना, एकदा नसताना. दोन्ही वेळा डोक्यावरून हात फिरवायचा. तन्मय याला 'आजी प्रोटोकॉल' म्हणतो आणि नवीन मुलांना फार गंभीरपणे शिकवतो. पुस्तकात तो कुठेच नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांची लग्नं झालेली नसावीत.

गेल्या महिन्यात पाटकर तपासायला आले. वजन उतरलंय, चष्मा जुनाच लावलाय. नंबर वाढलेला नव्हताच. मी प्रेशर घेतलं, छाती ऐकली. मग ते खुर्चीत चुळबुळले.

"मॅडम, थरात नाही. ते संपलं. पण हंडीची दोरी धरायला उभा राहू का? नुसती दोरी."

"नीलम," मी म्हटलं, "तू जरा बाहेर बस."

ती हसली, पर्स उचलली, आणि जाता जाता नवऱ्याची कॉलर बोटाने बाजूला करून दोन्ही खांदे बघितले. मग दार ओढून घेतलं.

"विचारा आता काय ते," ती बाहेरून म्हणाली. "खांदे साफ आहेत."